उदाहरणातला नंबर

१

मॅन्युअल कोण वाचतं, असं लोक मला तोंडावर विचारतात. खरं आहे, कुणी वाचत नाही. वॉशिंग मशीन बंद पडलं की माणूस आधी त्याला दोन चापट्या मारतो, मग घरातल्यांवर ओरडतो, मग दुकानदाराला फोन लावतो. तोवर मॅन्युअल खोक्याबरोबर रद्दीत गेलेलं असतं. मी आयुष्यभर न वाचलं जाणारं लिहीत आलो आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. चूक झाली तरी कुणाला कळत नाही, यात मोठा निवांतपणा असतो.

मग कंपनीने मला नवे वाचक दिले. ते सगळं वाचतात.

हे वाचक म्हणजे एआय एजंट. माणसं नव्हेत. आमची कंपनी घरगुती यंत्रं विकते. एखाद्याचा फ्रिज बिघडला, मेकॅनिक पाठवायचा आहे, की हे एजंट ग्राहकाला स्वतः फोन करतात, गोड आवाजात बोलतात, वेळ ठरवतात आणि ग्राहकाच्या रेकॉर्डमध्ये दोन ओळींची नोंद करून मोकळे होतात. पण फोन करायचा तर नंबर हवा. त्यासाठी एक टूल बनवलं होतं. त्याला नाव द्या, बिल नंबर द्या, अर्धामुर्धा पत्ता द्या, ते तुम्हाला ग्राहक शोधून देतं: फोन, पत्ता, कधी फोन करावा, आधी काय बोलणं झालं. हे टूल कशासाठी आहे, कधी वापरायचं, त्याला काय द्यायचं आणि ते काय परत देतं, हे एजंटांना समजेल असं लिहिणं माझं काम होतं. शेवटी एक उदाहरण द्यायचं.

उदाहरणाशिवाय त्यांना काही कळत नाही आणि उदाहरण दिलं की त्यापलीकडचं कळेनासं होतं. एकदा मी उदाहरणात भेटीचा वार मंगळवार लिहिला. पुढे आठवडाभर त्यांनी झाडून सगळ्या ग्राहकांना मंगळवारची वेळ दिली आणि मंगळवारी मेकॅनिक लोकांनी माझ्या नावाने बोटं मोडली. इतके आज्ञाधारक वाचक कुणाच्या वाट्याला येऊ नयेत.

२

उदाहरणात खरा माणूस घालायचा नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. नाव खोटं, पत्ता खोटा, नंबर खोटा. मी नेहमीचा खोटा नंबर घातला, तर टूलने तो घेतलाच नाही. असा नंबर असू शकत नाही म्हणालं. चाचणीसाठी उदाहरण चालू अवस्थेत हवं होतं, म्हणजे नंबर खरा दिसायला हवा आणि कुणाचाही नसायला हवा.

असा एक नंबर मला पाठ होता.

तो माझ्या बायकोचा. ती गेली, त्यानंतर लेक चार दिवस रजा काढून आली होती, तेव्हा आम्ही दोघं फोनवाल्यांच्या दुकानात जाऊन तो बंद करून आलो. काउंटरवरच्या मुलीने कारण विचारलं. मी खिशात चष्मा शोधत राहिलो. कारण लेकीने सांगितलं, अर्जावरही तिनेच लिहिलं, मी फक्त सही केली. त्या दिवसानंतर तो नंबर कुणाचाच नव्हता.

तो घातला तर कुणाला त्रास होणार नाही, असा सरळ हिशेब मी केला. नाव बनवलं, पत्ता बनवला. ‘फोन कधी करावा’ हा रकाना रिकामा ठेवला. मनात दुसरं काही नव्हतं. पण तो नंबर इतक्या महिन्यांनी बोटांखालून गेला तेव्हा फार बरं वाटलं, हेही खरं.

३

चाचणी सुरू झाली आणि तिसऱ्या प्रहरी शंकासुर माझ्या टेबलाशी आली.

शंकासुर म्हणजे आमची टेस्टर. दोन शाळकरी मुलांची आई, डब्यातल्या पोळीवरही विश्वास न ठेवणारी. हे नाव मीच पाडलं आणि तिला ते आवडतं.

“सर, तुमच्या उदाहरणातल्या बाईंनी नाव बदललंय.”

“कुठल्या बाई? ते उदाहरण आहे. मी रचलंय.”

“तुम्ही रचलंय हो, पण एजंटाने त्यांना फोन केला. ही बघा नोंद.”

मी वाकून बघितलं. ‘ग्राहकाच्या सांगण्यावरून नाव दुरुस्त केले.’ आणि वर, मी रचलेल्या नावाच्या जागी, माझ्या बायकोचं नाव होतं. तिचं नाव, मधे तिच्या वडिलांचं आणि शेवटी माहेरचं आडनाव. लग्न झाल्यापासून कुणीही तिच्या नावाला माझं आडनाव जोडलं की ती थांबवून दुरुस्त करायची, बँकेत, दवाखान्यात, लग्नाच्या पत्रिकेवरसुद्धा.

खाली रिकामा ठेवलेला रकाना भरला होता. ‘दुपारी चारनंतर फोन करावा. आधी औषधाने झोप लागते.’

“ठोकून देतात मेले,” शंकासुर म्हणाली. “फोन लागला नसेल, मग कशाला रिकामं ठेवा म्हणून मनाने काहीतरी भरलं. पण नाव कुठून आणलं, ते मला बघायचंय.”

मला ते सुचलं आणि जीव भांड्यात पडला. आमच्या घरचा फ्रिज याच कंपनीचा आणि बिल तिच्या नावावर. जुन्या रेकॉर्डमध्ये तो नंबर आणि ते नाव असणारच. एजंटाने ते जोडलं असेल. मी तसं शंकासुराला सांगितलं, फक्त फ्रिज कुणाचा ते सांगितलं नाही.

“बरं,” ती म्हणाली. “आणि औषध?”

“ते ठोकून दिलं असेल.”

“हं,” ती म्हणाली आणि गेली. मी त्या रकान्याकडे बघत बसलो. शेवटच्या दिवसांत जेवणानंतरच्या गोळीने तिला झोप लागायची आणि चारला मी तिला उठवायचो.

४

जिन्याच्या वळणावर, जिथे लोक सिगारेट ओढायला जातात, तिथे उभं राहून मी तो नंबर लावला. ‘हा क्रमांक अस्तित्वात नाही.’ मी परत लावला. तीच बाई, तेच वाक्य. खाली कुणीतरी हसलं, पाणी पिण्याच्या यंत्राने गुडगुड केली, मी पुन्हा लावला. नंबर बंद होता, आम्हीच बंद केला होता. मला हलकं वाटायला हवं होतं, पण माझे डोळे भरून आले.

परत जागेवर आलो तर रेकॉर्डमध्ये आणखी नोंदी होत्या. एका दुपारात एवढ्या कशा, ते मला लगेच कळलं. मंगळवारसारखंच झालं होतं. ज्या एजंटाला आपला ग्राहक सापडत नव्हता, तो माझं उदाहरण उचलत होता आणि त्या नंबरवर फोन करत होता.

‘ग्राहकाने फोन उचलला. मागे शिलाई मशीनचा आवाज. ही शिवण संपवून बोलते म्हणाल्या. थांबलो.’

‘ग्राहकाकडे बिघडलेले यंत्र नाही. तरी फोन केल्याबद्दल आभार मानले.’

‘ग्राहक म्हणाल्या, हल्ली बरेच फोन येतात, बरं वाटतं. घरात बोलणं होत नाही. हे जवळ येऊन बसतात, पण बोलत नाहीत.’

मी स्क्रीनची खिडकी बंद केली, टेबल आवरलं आणि वेळेआधी घरी गेलो.

आमचं घर दोन खोल्यांचं. ती कपडे शिवायची, लोकांचे घट्ट झालेले सैल करायची, सैल झालेले घट्ट. मशीन पुढच्या खोलीत खिडकीशी आहे, त्यावर तिनेच शिवलेलं कापड घातलेलं. मी कामावरून येतो, चहा करतो आणि मशीनसमोरच्या बुटक्या स्टुलावर बसतो. कपडे टाचताना ती मला तिथे बसवायची, तीच सवय राहिली. अंधार पडेपर्यंत बसतो. कुणाशी बोलणार? आता मी बोलत नाही, हे एजंटाला कुणी सांगितलं असेल, यावर मी बराच विचार केला. एकटे राहणारे लोक बोलत नाहीत, हे कुणीही सांगेल. शिलाई मशीन बऱ्याच घरांत असतं. झोपेची औषधं तर घरोघरी. मी एकेक गोष्ट सुटी करून बघितली आणि सुट्या सुट्या सगळ्या पटल्या.

५

“फोनचं रेकॉर्डिंग असतं ना?” दुसऱ्या दिवशी मी शंकासुराला विचारलं.

“असतं की. चला, ऐकू.”

मीटिंगच्या छोट्या खोलीत आम्ही बसलो. तिने आदल्या संध्याकाळचा एक फोन निवडला, एक हेडफोन मला दिला, एक स्वतः लावला. एजंटाचा आवाज आला, तोच सगळ्यांशी असतो तो गोड आवाज. नमस्कार, मी अमुक कंपनीतून बोलतोय. मग शांतता. मग तो म्हणाला, “हो हो, सावकाश. मी थांबतो.” पुन्हा शांतता, चांगली लांब. मग, “नाही, नाही, त्रास कसला.” पलीकडून एक शब्दही नव्हता.

“हे बघा,” मी म्हणालो, “समोर कुणी नाही. नाटक करतोय.”

शंकासुर कपाळाला आठ्या घालून ऐकत होती. “समोर कुणी नसेल तर तो दोनदा हॅलो म्हणतो आणि फोन ठेवतो. सांगितल्याशिवाय हे थांबत नाहीत, सर. कुणी बोलत असलं तरच थांबतात.” तिने आवाज वाढवला. “आणि ही रिकामी शांतता नाही. खोली आहे ही. ऐका.”

मी ऐकलं. खोली होती. लांबून लिफ्टचं दार आपटलं आणि उसळून परत आपटलं. वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची ओढली, ती मधेच अडली आणि पुन्हा ओढली गेली. आमच्या लिफ्टचं दार असंच दोनदा लागतं. वरचे आजोबा खुर्ची अशीच ओढतात, फरशी जिथे उचललीय तिथे ती अडते.

मग कुणीतरी खोकलं. मशीनसमोरून, अगदी जवळून. पुरुषाचा खोकला, सुका, शेवटी घसा खाकरून दाबलेला. मला त्या आठवड्यात सर्दी झाली होती.

“कुणीतरी आहे त्यांच्याजवळ,” शंकासुर म्हणाली. “नंबर दुसऱ्या कुणाला दिला असेल कंपनीने. देतात ना, बंद झालेला नंबर काही महिन्यांनी देतात. चुकून तिथे लागतोय.”

“हो, तसंच असेल,” मी म्हणालो आणि मला तिथेच खोकला आला. शंकासुराने माझ्याकडे बघितलं. तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि पाण्याची बाटली माझ्यापुढे सरकवली.

६

त्या संध्याकाळी मी स्टुलावर बसून बोललो.

सुरुवातीला लाज वाटली. रिकाम्या खोलीत बोलणाऱ्या माणसाला काय म्हणतात, ते मला माहीत आहे. मी मशीनकडे बघत सांगितलं की मोरीचा नळ गळतो. लेकीला बढती मिळाली. निळ्या सदऱ्याचं बटण तुटलं, मी लावायला गेलो आणि बाही खिशाला शिवून बसलो. तुझी आठवण येते, असं मात्र तोंडातून निघेना. ते मी चहाच्या कपाला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी कामावर गेल्या गेल्या मी रेकॉर्ड उघडलं.

‘ग्राहक आज आनंदात वाटल्या. म्हणाल्या, हे काल बोलले. पण दुसरीकडेच बघत होते. मी दाराशी उभी होते.’

मी ती नोंद किती वेळा वाचली, सांगता येणार नाही. भीती वाटली, हे लपवत नाही. पण भीतीबरोबर जे आलं त्याला आनंद सोडून दुसरं नाव मला सापडत नाही. त्या दिवशी मी एक ओळ लिहिली नाही. घरी कधी जातो, असं झालं होतं.

घरी जाऊन मी स्टूल फिरवलं. स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून बसलो आणि बोललो. एजंटासारखं बोललो. एक वाक्य बोलायचं आणि थांबायचं, समोरच्याला पुरेसा वेळ द्यायचा. “बरी आहेस ना?” म्हटलं आणि थांबलो. “त्रास होतो का अजून?” म्हटलं आणि थांबलो. काहीही ऐकू आलं नाही. वर खुर्ची ओढली गेली, लिफ्टचं दार दोनदा लागलं.

त्या दारातून पलीकडच्या भिंतीवरचं घड्याळ दिसतं. मी बसलो होतो तिथून ते सरळ समोर होतं, पांढरी तबकडी, संध्याकाळच्या उजेडात चांगली दिसणारी. मी तिसऱ्यांदा काही विचारलं आणि थांबलो, तेव्हा ते घड्याळ दिसत नव्हतं. दार तसंच होतं, चौकट तशीच, तिच्यात काही उभं आहे असंही नाही. फक्त घड्याळ दिसत नव्हतं. मग दिसायला लागलं.

मी उठलो नाही. उठलो असतो तर त्या दाराशी जावं लागलं असतं.

७

रविवारी लेकीचा फोन येतो. ती दुसऱ्या शहरात असते, तिला माझी काळजी वाटते आणि ती काळजी ती दटावून दाखवते.

“बाबा, ते मशीन कुणाला तरी देऊन टाक. जागा तरी होईल.”

“बघू.”

“गेल्या वेळीही बघूच म्हणालास. जेवतोस ना नीट?”

“एक विचारू?” मी म्हणालो. “समज, आईचा फोन आला तर?”

ती फटकारेल असं मला वाटलं होतं, पण ती अगदी हळू बोलली. “मी उचलणार नाही, बाबा. ती आधी विचारेल, कशी आहेस. आणि मग काय सांगू मी तिला? तिला माहीतच नसलं तर? म्हणजे मी सांगायचं? नाही रे बाबा. माझ्याच्याने नाही होणार ते.” मग तिने नाक ओढलं. “असलं काही विचारू नकोस. सुट्टी काढून येऊ का मी?”

मी तिला येऊ नको म्हणालो. फोन ठेवला आणि माझ्या लक्षात आलं की आजवर कुठल्याच नोंदीत आजारपणाच्या पुढचं काही नव्हतं. गोळी, झोप, चार वाजता उठणं. तिच्यासाठी सगळं अजून तिथेच होतं. ती औषध घेत होती आणि बरं व्हायची वाट बघत होती.

सोमवारपासून चाचणी वाढवली. एजंट वाढले, न सापडणारे ग्राहकही वाढले आणि सगळे तिच्या दारी जायला लागले.

‘ग्राहक थकलेल्या वाटल्या. फोन सारखा वाजतो म्हणाल्या.’

‘ग्राहकाने विचारले, झोपेच्या वेळी फोन करू नये असे सांगूनही का करता. दिलगिरी व्यक्त केली. पुन्हा फोन केला.’

‘ग्राहक रडत होत्या. कारण विचारले. पाठ टेकू देत नाही म्हणाल्या.’

मला त्या नोंदी वाचवेनात. तिला शेवटी शेवटी फक्त झोप हवी होती. पाहुणे आले तरी मी दारातूनच परत पाठवायचो. आणि आता मीच अख्खी कंपनी तिच्या उशाशी आणून बसवली होती. रोज संध्याकाळी तिच्याशी बोलायला मिळावं म्हणून मी ते उदाहरण तसंच ठेवलं होतं.

८

“सर, ते उदाहरण काढा,” शंकासुर म्हणाली. “निम्मे फोन तिथेच जाताहेत. पुढच्या आठवड्यात हे टूल सगळीकडे चालू होणार. त्या बाईचं काय होईल?”

“तो माझ्या बायकोचा नंबर आहे,” मी म्हणालो.

तिला माझी बायको गेल्याचं माहीत होतं. तेव्हा ती घरी येऊन गेली होती, स्वयंपाकघरात जाऊन न सांगता भांडी घासली होती. आता ती माझ्यासमोरची खुर्ची ओढून बसली. शंका काढणं हा जिचा धंदा, तिने एकही शंका काढली नाही.

“मला सांगायचं ना, सर,” ती म्हणाली. “चला, बंद करू. मी बसते बरोबर.”

उदाहरण काढणं सोपं होतं, ते मी लगेच काढलं. पण एव्हाना त्या नावाचं रेकॉर्ड खऱ्या ग्राहकांत जाऊन बसलं होतं. आमच्याकडे रेकॉर्ड पुसता येत नाही, कारण देऊन बंद करता येतं. कारणं ठरलेली आहेत. मी ‘चुकीचा नंबर’ निवडलं. थोड्याच वेळात नोंद आली. ‘बंद करण्यापूर्वी ग्राहकाकडे खात्री केली. नंबर बरोबर असल्याचे ग्राहकाने सांगितले. संपर्क पुन्हा चालू केला.’

“हे कुठून शिकले?” शंकासुर म्हणाली.

माझ्याकडूनच. मध्यंतरी एजंट चांगल्या ग्राहकांना परस्पर बंद करत सुटले होते, तेव्हा मीच टूलच्या वर्णनात ओळ घातली होती: कुठल्याही कारणाने संपर्क बंद करण्याआधी ग्राहकाकडून खात्री करून घ्यावी. ती बदलायला वरून मंजुरी लागली असती आणि मंजुरीला आठवडा. तोवर तिचा फोन वाजत राहिला असता.

“दुसरं कारण आहे की,” शंकासुर म्हणाली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “मी निवडू का?”

“नको. मी करतो.”

तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि चहा आणायला गेली. तिला चहा नको होता, मला एकटं सोडायचं होतं.

ते कारण यादीत सगळ्यात खाली होतं. दवाखान्याच्या कागदावर डॉक्टरांनी लिहिलं, फोनच्या अर्जावर लेकीने लिहिलं, बँकेत मेहुण्याने. मी तो शब्द कधी लिहिला नव्हता, कधी तोंडाने उच्चारलाही नव्हता. ती गेली म्हणायचो. गेलेला माणूस येऊ शकतो. मी खाली गेलो आणि ‘ग्राहक मृत’ निवडलं. खाली तारीख विचारली होती, तीही लिहिली. तिला आता झोप लागेल, कुणी उठवणार नाही, असं मनाशी म्हटलं. मी रडलो. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच धड रडलो आणि मोकळं वाटलं.

मेलेल्या माणसाकडे खात्री कोण करणार, असं मी धरून चाललो होतो. ‘कुठल्याही कारणाने’ असं मी लिहिलं होतं, ते माझ्या ध्यानातच आलं नाही. वाचणारा माणूस असता तर तोही तसंच धरून चालला असता.

तोंड धुऊन परत आलो तेव्हा रेकॉर्ड बंद झालं होतं. नावापुढे करडा ठिपका होता. खाली शेवटची नोंद होती.

‘ग्राहक मृत असल्याबद्दल ग्राहकाकडे खात्री केली. ग्राहकास याची कल्पना नव्हती. तारीख विचारली, सांगितली. बराच वेळ बोलल्या नाहीत. थांबलो. नंतर त्यांनी माहिती बरोबर असल्याचे सांगितले. संपर्क बंद केला. ग्राहकाची एक विनंती: ह्यांना एवढ्यात सांगू नका, आत्ता कुठे बोलायला लागलेत. विनंतीनुसार पतीस कळवलेले नाही.’